पिलांवर फेकलेला रबरी मासा

गेल्या आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. धरणाचं मागचं पाणी, काठावर बेशरमाची झुडपं, आणि पाण्यावर एका जागी परातीएवढा तांबूस ठिपका. ठिपका हलत होता. पाऊस पडताना पाण्यावर जशी बुळबुळ दिसते तशी त्या एवढ्याशा जागेत दिसत होती. मुलाने रॉड मागे नेला आणि अडीच इंची रबरी मासा बरोबर त्या ठिपक्याच्या पलीकडे टाकला. रीलचे दोनतीन वेढे झाले असतील नसतील, तोच पाणी फुटलं. मरळ लागली. चांगली हातभर. मग फोटो, मग एक हात वर, मग गाणं लावून ती मरळ परत पाण्यात. खाली लिहिलं होतं की आम्ही शिकारी नाही, आम्ही निसर्गप्रेमी आहोत.

मी त्याला विचारलं, "बेटा, ती लाल बुळबुळ कसली होती ते माहीत आहे का?"

"हां सर, बच्चे थे उसके. बच्चों पे डालो तो मरल छोडतीच नहीं, एक नंबर मारती. लेकिन हम तो छोड देते ना सर!"

हा लेख त्या शेवटच्या वाक्याबद्दल आहे.

आधी माझी बाजू सांगतो, नाहीतर कुणी म्हणेल की मास्तरांना पोरांचं सुख बघवत नाही. मी स्वतः गळ टाकणारा माणूस आहे. लहानपणी पांझरेच्या डोहात बांबूच्या काठीला दोरा बांधून कणकेच्या गोळीवर मासे धरले. रॉड-रील मी चाळिशीत घेतला. शिशाचं डोकं असलेला गळ, त्यावर चढवायचा मऊ रबरी मासा आणि ओढला की डावी-उजवी हलणारी त्याची शेपटी, या सगळ्याची मजा मला ठाऊक आहे. पाण्याखाली न दिसणाऱ्या जिवाला फसवता येणं ही नशा आहे, हे मी नाकारत नाही. आणि रबरी माशाला नावं ठेवणाऱ्यांशी माझं भांडणही झालेलं आहे. आमच्याकडे मरळीसाठी जिवंत बेडूक पाठीतून गळाला टोचतात आणि तो तडफडत पोहतो म्हणूनच त्याला आमिष म्हणतात. त्याच्यापेक्षा रबर शंभर पटीने बरं. बेडूक शेतातली कीड खातो. त्याच्या तंगड्यांच्या निर्यातीवर आपल्या देशाने १९८७ मध्ये बंदी घातली. ज्याला हातात गळ धरायचाच आहे त्याने बेडूक सोडून रबर धरावं, असं मी आजही म्हणतो.

म्हणजे माझं भांडण रबरी माशाशी नाही. तो कुठे टाकला, कधी टाकला आणि नंतर आपण स्वतःला काय सांगितलं, याच्याशी आहे.

मरळ हा आपल्या नदीतला वेगळा मासा. कटला, रोहू अंडी टाकून निघून जातात. मरळ जात नाही. पावसाळ्यात उथळ, गवताळ पाण्यात ती जागा साफ करते, अंडी वर तरंगतात, आणि तेव्हापासून पिलं बोटभर होईपर्यंत आईबाप त्यांच्याखाली पहारा देतात. जातीप्रमाणे कधी दोघं, कधी नुसता बाप. मरळ हवेतला श्वास घेते. पिलांनाही पुन्हा पुन्हा वर येऊन हवा घ्यावी लागते, म्हणून ती पाण्यावर दिसतात. म्हणजे ज्या कारणाने ती जगतात त्याच कारणाने ती उघडी पडतात. खाली आईबाप नसतील तर त्या परातीएवढ्या थव्याला चिलापी, पाणकावळा, बगळा, कुणीही खाईल.

आता रबरी मासा या थव्यातून ओढला तर मरळ का तोंड मारते? भुकेने नाही. पिलांमध्ये घुसलेल्या परक्याला हाकलायला मारते. आपण भुकेल्या प्राण्याला फसवलं असं म्हणतो, पण खरं म्हणजे घराचा दरवाजा अडवून उभ्या असलेल्या बापाला आपण गळाला लावलेलं असतं. यात कौशल्य कसलं? त्याला दुसरा पर्यायच नाही. म्हणून तर ती "एक नंबर" मारते.

मी हे केलेलं आहे. तीन वर्षांपूर्वी, १५ ऑगस्टचं झेंडावंदन उरकून, दोन सहकाऱ्यांबरोबर तापीच्या मागच्या पाण्यावर गेलो होतो. तिसऱ्या फेकीला मरळ लागली. दहा-बारा मिनिटं गेली असतील: ओढण्यात, गळ काढण्यात, फोटोत. सोडताना मी मोठा उदार होऊन सोडली. मग सहज मघाच्या जागेकडे बघितलं. तांबूस थवा फुटला होता. चार ठिकाणी चार तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याखाली पाणी खळबळत होतं. खालून काहीतरी खात होतं. सोडलेली मरळ परत तिथे आली का? मला दिसली नाही. काठावर जाळं झटकत बसलेले एक वयस्कर भोई चाचा सगळं बघत होते. ते ओरडले नाहीत. अहिराणीत एवढंच म्हणाले, "मास्तर, मायले मारीसन पोरेसले कोन पाही?"

मी म्हणालो, "चाचा, मारली कुठे? सोडली ना."

ते हसले आणि जाळं झटकायला लागले. त्या हसण्याचं उत्तर शोधायला मला तीन वर्षं लागली.

सोडून देण्याची ही पद्धत आली कुठून ते बघू. अमेरिकेत बास नावाचा मासा आहे. आपल्याकडे तो नाही, पण ही छोटी रबरी आमिषं मुख्यतः त्याच्यासाठी बनली. रे स्कॉट नावाच्या माणसाने १९६८ मध्ये बास पकडणाऱ्यांची संघटना काढली, स्पर्धा भरवल्या. शेकडो माणसं एकाच तळ्यावर येऊन मासे मारायला लागली तर तळं रिकामं होईल, म्हणून १९७२ पासून त्याने पकडलेला मासा जिवंत परत सोडण्याचा नियम आणला. त्या ठिकाणी, त्या कारणासाठी तो नियम शहाणपणाचा होता, हे मान्य. पण लक्षात घ्या, तो नियम खेळ चालू राहावा म्हणून होता. आपल्या पोरांनी तो उचलला आणि त्याला रहमदिलीचं नाव दिलं.

योगायोग असा की बासचा नरही मरळीसारखाच अंड्यांवर आणि पिलांवर पहारा देतो. तिथल्या अभ्यासकांनी बघितलं की पहारेकरी नर काही मिनिटं जरी उचलला तरी बाकीचे मासे घरट्यावर तुटून पडतात, आणि दमलेला नर कधी कधी घरटंच सोडून देतो. म्हणून कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात पुष्कळ भागांत विणीच्या काळात बासचा हंगाम बंद ठेवतात. म्हणजे ज्यांच्याकडून आपण रबरी मासा घेतला, त्यांच्याकडेच त्याला बांधलेला लगामही आहे. आपण मासा मागवला आणि लगाम तिथेच ठेवला.

आणि सोडणं म्हणजे नेहमीच पुण्य, असं जगात सगळीकडे मानतही नाहीत. जपानच्या बिवा सरोवरात बाहेरून आलेल्या बासने मूळचे मासे फस्त केले, म्हणून शिगा प्रांताने २००३ पासून पकडलेला बास परत पाण्यात सोडायलाच मनाई केली. स्वित्झर्लंडमध्ये सोडण्याच्याच इराद्याने मासा पकडायला कायद्याने बंदी आहे. जर्मनीत रास्त कारणाशिवाय प्राण्याला वेदना देणं गुन्हा आहे, आणि नुसती हौस हे रास्त कारण धरत नाहीत. खायला पकडतोस तर पकड, पण खेळायला पकडू नकोस, असा त्यांचा हिशेब.

हे वाचलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही, कारण हा हिशेब मी घरात ऐकलेला होता.

मी मुफ्ती नाही. उर्दू शाळेत मराठी शिकवणारा बी.एड. झालेला माणूस आहे, आणि फतवा देण्याचा मला काही अधिकार नाही. पण जे प्रत्येक मदरशातल्या पोराला ठाऊक असतं तेवढं मलाही ठाऊक आहे. सूरह माइदामध्ये पाण्यातली शिकार हलाल केली आहे, एहरामच्या अवस्थेतसुद्धा. पण ती कशासाठी? तुमच्या आणि मुसाफिरांच्या उपयोगासाठी, असं तिथेच येतं. सूरह नहलमध्ये समुद्राची नेमत मोजताना ताज्या मांसाचा उल्लेख आहे. म्हणजे परवानगीला अन्नाची जोड आहे. दुसरीकडे, हजरत इब्ने उमर यांनी काही पोरांना कोंबडी बांधून तिच्यावर नेम धरताना पाहिलं आणि सांगितलं की जिवंत प्राण्याला निशाणा बनवणाऱ्यावर रसूलुल्लाह सल्ललाहु अलैहि वसल्लम यांनी लानत केली आहे. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. ती कोंबडी खायची असती तर पोरांनी जिबह केली असती. ती खेळायची होती, म्हणून लानत. नसाईच्या संग्रहात चिमणीची हदीस आहे: जिला विनाकारण मारलं ती चिमणी कयामतच्या दिवशी तक्रार करेल.

माझे मित्र म्हणतात, "आम्ही मारत नाही, म्हणून आम्हाला हे लागू नाही." इथे मला सूरह आराफमधली समुद्रकाठची वस्ती आठवते. शनिवारी मासेमारी मना होती, आणि नेमके शनिवारीच मासे वर यायचे. ती त्या लोकांची परीक्षा होती. तफसीरकार सांगतात की त्या लोकांनी युक्ती काढली. शनिवारच्या आधी जाळी लावायची, खड्डे खणायचे, आणि रविवारी मासे उचलायचे. शनिवारी आम्ही पकडलंच नाही, असं म्हणायला मोकळे. याला हीला म्हणतात. हुकुमाचा शब्द पाळायचा आणि अर्थ बुडवायचा. "आम्ही तर सोडतो" हा माझ्या मते आजचा हीला आहे. मारायचं पाप नको, खायचं कष्ट नको, फक्त ती झुंज हवी आणि तिचा व्हिडिओ हवा.

शिवाय सोडलेला प्रत्येक मासा जगतो हे कुणी सांगितलं? गळ घशात उतरला असेल, मासा कोरड्या हातांनी धरून त्याच्या अंगावरची बुळबुळीत साय पुसली गेली असेल, किंवा आमच्या मे महिन्यातलं तापलेलं पाणी असेल, तर त्यातले काही नंतर मरतात. गरम पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो, दमलेल्या माशाला तो पुरत नाही. मरळ हवा घेते म्हणून तग धरते, पण शिंगाळ्याला किंवा रोहूला ती सोय नाही. असा मासा दुसऱ्या दिवशी उताणा तरंगताना कुणाला सापडला तर? आपोआप मरून वर तरंगणारा मासा हनफी फिकहमध्ये खाण्याजोगा धरत नाहीत. तो कशाने मेला हे सापडणाऱ्याला कळणार कसं? म्हणजे जो मासा काल कुणाच्या ताटात हलाल जेवण झाला असता, तो आज कुणाच्याच कामाचा नाही. याला रहम म्हणायचं की इसराफ?

"माशाला दुखत नाही सर," हाही एक आवडता युक्तिवाद. २००३ मध्ये ब्रिटनमध्ये लिन स्नेडन यांनी ट्राउट माशांच्या ओठात आम्ल आणि मधमाशीचं विष टोचून पाहिलं. मासे ओठ खड्यांवर घासत राहिले, बराच वेळ खाईनात, आणि वेदनाशामक दिल्यावर ते वागणं कमी झालं. माणसाला दुखतं तसंच त्याला दुखतं का, यावर वाद करणारे करोत. पण सूरह अनआममध्ये जनावरं आणि पाखरं तुमच्यासारख्याच उम्मती आहेत असं वाचणाऱ्याने "दुखत नाही" असं छातीठोकपणे म्हणू नये.

आता सर्वांत जोरदार आक्षेप. "सर, तुम्हाला आमचाच गळ दिसतो. बारीक आसाचं जाळं दिसत नाही? करंट सोडणारे दिसत नाहीत? सुरुंग लावणारे?" दिसतात. बॉम्बने आणि विषाने मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, आणि सव्वाशे वर्षांनंतरही ते चालतं ही आपल्या सगळ्यांची शरम आहे. त्यांच्यापुढे एक रॉड काहीच नाही, हेही खरं. पण शेजारी चोर आहे म्हणून माझी खोटी मापं खरी ठरत नाहीत. आणि एक फरक विसरू नका. जाळं टाकणारा भोई किंवा भिल्ल भाऊ त्या माशावर घर चालवतो. तलावाचा ठेका मच्छिमार संस्था पैसे भरून घेते, बीज विकत आणून सोडते. त्यांना न विचारता काठावर जाऊन आपण जे ओढतो त्यात बंद्याचा हक आहे. अल्लाहचा हक तो माफ करेल, बंद्याचा हक बंद्यालाच विचारावा लागतो, हे आपण जुम्याला ऐकतो आणि रविवारी रॉड घेऊन विसरतो.

कुणी म्हणेल, मरळ बीज खाते, ती गेली तर संस्थेला बरंच. पूर्वी मत्स्यशेतीवाले असंच मानायचे. पण बाजारात मरळीला रोहू-कटल्यापेक्षा जास्त भाव आहे, हे कुठल्याही मासळी बाजारात विचारा. आणि १९५२ मध्ये भारतात आणलेली, आता प्रत्येक तळ्यात माजलेली चिलापी कमी ठेवायला मरळीसारखा शिकारी मासाच लागतो. तिची पिलं खाणारं दुसरं कोण आहे?

एक आक्षेप मात्र मी मान्य करतो. एका आईने मला सांगितलं, "सर, पोरगा नदीवर जातो म्हणून मला झोप येते. त्याचे सोबती गोळ्या खाऊन चौकात पडलेले असतात." याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि द्यायचंही नाही. धुळ्याच्या, जळगावच्या आमच्या मोहल्ल्यांत खेळाचं मैदान नाही, वाचनालय नाही. पोरगा पहाटे फजर पढून पाण्यावर जात असेल, तासभर गप्प बसायला शिकत असेल, तर शुक्र करा. ज्या बुजुर्गांना हा सगळा वेळेचा अपव्यय वाटतो, त्यांनी आधी पोरांना दुसरं काय दिलं ते सांगावं. म्हणून मी बंदी मागत नाही. रॉड मोडायला सांगत नाही. माझा रॉड आजही दाराच्या मागे उभा आहे.

मी एवढंच मागतो.

पहिल्या पावसापासून दसऱ्यापर्यंत मरळीसाठी रबरी मासा बाहेर काढू नका. एरवीही पाण्यावर तांबूस थवा दिसला की रॉड खाली ठेवा आणि दुसरीकडे सरका. खायचा असेल तरच पकडा, घराला पुरेल तेवढाच, आणि पुरला की उठा. लहान किंवा गाभोळीची मादी चुकून लागली तर जरूर सोडा, पण ती चूक म्हणून सोडा, तमाशा म्हणून नको. ओल्या हातांनी धरा, काट्याची उलटी धार पकडीने दाबून टाका, म्हणजे गळ लवकर निघतो. तुटलेली रबरं आणि दोरा खिशात घालून परत आणा, ते वर्षानुवर्षं कुजत नाहीत. शिशाचं वजन टाळता आलं तर टाळा. ब्रिटनने १९८७ मध्ये गळाच्या लहान शिशांवर बंदी घातली, कारण हंस ती खड्यांबरोबर गिळून मरत होते. आपल्या हतनूरच्या पाण्यावर दर हिवाळ्यात किती दुरून बदकं येतात ते एकदा जाऊन बघा. अनेर धरणासारख्या अभयारण्यात तर गळ काढूच नका. आणि जिथे ठेका आहे तिथे संस्थेच्या माणसाला सलाम करून, विचारून बसा. तो बहुतेक वेळा नाही म्हणत नाही, हा माझा अनुभव आहे.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, लेकिन वीडियो पे चालीस हजार व्ह्यूज आए." मी म्हणालो, ते बघणाऱ्यांपैकी शंभर पोरं पुढच्या रविवारी लाल बुळबुळ शोधत निघतील, त्यांचा हिशेब कुणाच्या खात्यात लिहायचा ते तूच ठरव.

व्हिडिओ अजून आहे. पण खाली त्याने एक ओळ वाढवली आहे: बच्चों के साथ वाली मरल पे मत डालो. ती ओळ किती जण वाचतील माहीत नाही. त्याने ती लिहिली, म्हणून मीही हे लिहिलं. ज्यांना पटत नसेल त्यांनी वाद घालावा, मी तयार आहे. फक्त एक करा. वाद घालण्याआधी पुढच्या पावसाळ्यात रॉड घरी ठेवून एकदा त्या तांबूस थव्याजवळ अर्धा तास नुसते बसा आणि खाली कोण फिरतंय ते बघा.